मॉरिशसच्या गाण्याचा अर्थ

कुवेतला शुवैखच्या आमच्या गोदामातले स्टोअरकीपर माल मोजताना मांडीवर ठेका धरून जाखडी नाचाचं गाणं म्हणायचे. ते मॉरिशसचे. पणजोबा कोकणातून तिथल्या उसाच्या मळ्यात गेलेले. घरात गाणी उरली, भाषा गेली.

"दादा, इसका मतलब क्या है?" त्यांनी एकदा विचारलं. मलाही ओ की ठो कळलं नव्हतं, पण पुण्याचा माणूस तसं कसं सांगेल? बोटीवर चढणाऱ्या मुलाला आई निरोप देतेय, असं मी ठोकून दिलं. त्यांनी ते घरी कळवलं.

काल त्यांनी बेटावरच्या गणपतीचा व्हिडिओ दाखवला. नाचत म्हणायचं ते गाणं बायका संथ चालीत, रडत म्हणत होत्या. सगळ्यांत पुढे त्यांची आई. मी हादरलोच.

"आज ठेका नाही?" मी कसंबसं विचारलं.

"मतलब समझने के बाद कैसे, दादा?" ते म्हणाले आणि मुकाट्याने खोकी मोजू लागले.