फक्कीची रेघ

आमच्या सांगलीच्या कचेरीत गाड्या लावून घेणारा हा माणूस आटपाडीकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. शिट्टी दातांत धरूनच बोलतो, पण ती वाजवताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही. रोज मनात त्याचे आभार मानते, नाव विचारायचं मात्र राहून गेलं. आता विचारायची लाज वाटते.

मला लहानपणी पोलिओ झाला. माझ्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं आहेत. अपंगांच्या राखीव जागेचा नियम वर्षात दोनदा बदलला. दोन्ही वेळा जुने पट्टे खरवडले, नवा फलक लागला, आणि नवे पट्टे येईपर्यंत जागा ज्याने बळकावली त्याची.

“खर्च समद्या गावाचा, आन हाल तुमचं,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी बघते, तर कबड्डीचं मैदान आखायच्या फक्कीने त्याने माझ्यापुरती चौकट आखलेली! ती पुसली जायची, तो रोज सकाळी पुन्हा आखायचा.

परवा एकदाचे पिवळे पट्टे आले. स्कूटर त्यात नेमकी मावली, पण शेजारच्या मोटरसायकली इतक्या खेटून, की उतरून कुबड्या टेकायला जागाच नाही. कशीबशी उतरले. लोकांच्या पैशाचे पट्टे पुन्हा खरवडा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

आज सकाळी पिवळ्या पट्ट्याबाहेर, हातभर अंतरावर, फक्कीची ताजी रेघ होती. मोटरसायकली तिच्या पलीकडे.

त्याने शिट्टी तोंडातून काढली.

“त्येंनी गाडी मोजली, ताई. तुमाला मोजलंच न्हाई.”