उत्तरपक्षाला मुदत

"डॉक्टरीणबाई, आजाराची व्याख्या सांगा. अशी, की जे आजारी आहेत ते सगळे तिच्यात बसतील आणि जे नाहीत त्यातला एकही आत घुसणार नाही."

दूधविनायकाच्या गल्लीतल्या घरात मी सतरंजीवर बसले होते. समोर तक्क्याला टेकून नानाशास्त्री. पेशंट ते, डॉक्टर मी, आणि तोंडी परीक्षा माझी चालली होती.

मी सायकिअॅट्रिस्ट. माहेर अकोल्याचं. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे बनारसला आले आणि इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात रमले. नाना न्यायशास्त्राचे पंडित, म्हणजे नैयायिक. हा न्याय कोर्टातला नव्हे. अनुमान कसं करावं, वाद कसा घालावा, याचं हे शास्त्र. नानांनी जन्मभर तेच शिकवलं. मग त्यांची बायको गेली. त्यानंतर हळूहळू शिकवणं थांबलं, झोप उडाली, जेवण दोन घासांवर आलं. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला.

गल्लीत मात्र बातमी वेगळीच पसरली. नानांना वैराग्य आलं. जुने विद्यार्थी पाया पडायला येऊ लागले. एकाने तर हार आणला. मुलगा माधव बँकेत, तोही अर्धा भारावलेला. फक्त सून वृंदा माझ्या ओपीडीत येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, नानांनी पोहे परत पाठवले. इतक्या सालांत कधी नाही पाठवले. वैराग्य काय पोह्यांपासून सुरू होतं?"

नाना हॉस्पिटलात येणार नाहीत, हे उघड होतं. म्हणून मी घरी गेले.

"झोप लागत नाही ना?" मी विचारलं.

"निद्रा हा तमोगुण. कमी झाला तर बरंच."

"भूक?"

"आसक्ती सुटली."

"कशात रस वाटत नाही?"

"बाई, त्यासाठी लोक हिमालयात जातात. मला घरबसल्या मिळालं, तर तुम्ही त्यावर गोळी देणार?"

मला हसू आलं. नानांना आलं नाही. पूर्वी समोरच्याला चिमटा काढला की आधी तेच हसायचे, असं वृंदाने सांगितलं होतं. एवढं चोख उत्तर देऊन ज्याला गंमत वाटत नाही, तो माणूस ठीक नसतो. रक्ताच्या तपासण्या तेवढ्या त्यांनी करू दिल्या. त्यात काही निघालं नाही. उरलं डिप्रेशन. पण आमच्या धंद्यात 'इनसाईट' म्हणून एक वस्तू लागते. म्हणजे आपण आजारी आहोत हे पेशंटला स्वतःला कळणं. ती नसेल तर औषध डब्यात राहतं आणि डॉक्टर दारात.

आमच्या मोठ्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मैडम, गोली लिखिए, बहस मत कीजिए. पंडितजी से बहस में आज तक कोई जीता है?"

माधवने दुसरी तोड काढली. "मॅडम, दुधात मिसळून देऊ? त्यांना पता पण नाही चालणार."

"माधव, ते नैयायिक आहेत. दूध कडू का लागतं यावरून ते माझ्या घरच्या पत्त्यापर्यंत पोचतील," मी म्हटलं. शिवाय न सांगता औषध द्यायचं नसतं. एकदा विश्वास गेला की तो पेशंट कोणत्याच डॉक्टरचा राहत नाही. माधवने मान डोलावली, पण त्याला पटलं नव्हतं.

मग मला गद्रेसर आठवले. विद्यापीठाच्या दर्शन विभागाशी आमचं वर्षातून एकदा 'संवाद' नावाचं सत्र होतं. तत्त्वज्ञ 'आत्मा' म्हणतात, आम्ही मेंदूतलं 'सेरोटोनिन' म्हणतो, समोसे संपतात आणि संवादही. गद्रेसर त्यातले समोशानंतरही बसून राहणारे. मी त्यांना फोन लावला.

सगळं ऐकून ते म्हणाले, "तुम्ही थेट सिद्धांत घेऊन गेलात. तिथेच चुकलं."

"मग काय घेऊन जायचं होतं?"

"रिकाम्या हाताने जायचं. शास्त्रार्थात खंडन, म्हणजे उत्तरपक्ष, करायच्या आधी समोरच्याचा पक्ष आपण मांडायचा असतो. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. तोही असा, की समोरचा म्हणेल, हो, हे माझंच, माझ्याहून बरं मांडलंत. नानांनी तुमचं खंडन केलं. पण तुमचा पूर्वपक्ष कुठे मांडला?"

दुसऱ्या दिवशी मी सतरंजीवर बसले आणि एवढंच म्हटलं, "नाना, तुम्ही मला वादात पाडलंत. पण माझा पूर्वपक्ष न मांडता पाडलंत."

नाना सरळ बसले. आजारपणात ते पहिल्यांदाच ताठ बसलेले पाहिले, असं वृंदा नंतर म्हणाली.

"हे खरं आहे," ते हळूच म्हणाले. "हा दोष झाला. तुमचा ग्रंथ द्या."

मी माझं जाडजूड टेक्स्टबुक नेऊन दिलं. नंतर वृंदाचे फोन सुरू झाले. "मॅडम, नाना विचारतायत, दुःख आणि आजार यांत भेद काय?" मी म्हटलं, दुःखात माणूस गेलेल्याला हाका मारतो, आजारात स्वतःला शिव्या देतो. "मॅडम, ते म्हणतायत हे ढोबळ आहे, पण चालेल." जेवण अजून दोनच घास. पण माणूस सकाळी उठून पुस्तक उघडत होता. आमच्या शास्त्रात हीसुद्धा उपचारांची सुरुवात धरतात. मी कोणाला बोलले नाही.

नानांनी ग्रंथ संपवला आणि वाद भोसले घाटावर ठरला. नाना रोज पहाटे तिथेच एकटे स्नानाला जात. उन्हं कलल्यावर आम्ही वरच्या पायऱ्यांवर बसलो. माधव, वृंदा, गद्रेसर आणि मी. बाकी घाटाला आमच्याशी देणंघेणं नव्हतं. नावाडी गिऱ्हाइकांना हाका मारत होते.

नानांनी डोळे मिटले. "पूर्वपक्षी म्हणतो, एक मनुष्य आहे. तो पहाटे जागा होतो आणि दिवस कसा काढायचा या भीतीने पडून राहतो. त्याला ग्रंथ पाठ आहेत, पण ओळ ओठांवर आली की चव लागत नाही. सून पोहे आणते. तो परत पाठवतो. इच्छा नाही म्हणून नव्हे. आपण खायच्या लायकीचे नाही, असं त्याला वाटतं म्हणून. लोक पाया पडतात तेव्हा त्याला वाटतं, आपण यांना फसवतो आहोत."

"नाना, हे माझ्या पुस्तकात नाही," मी म्हटलं.

"पूर्वपक्ष अपुरा ठेवत नसतात, बाई." ते खाली पाण्याकडे बघत राहिले. "हा मनुष्य स्नानाला उतरतो तेव्हा त्याला वाटतं, आणखी एक पायरी उतरली तर कोणाचं काय अडणार आहे."

माधव होता तिथून उठला आणि नानांच्या खालच्या पायरीवर, त्यांच्या आणि पाण्याच्या मधे जाऊन बसला. वृंदाने पदर तोंडाशी धरला.

"हा तुमचा पक्ष?" नानांनी मला विचारलं.

"हो. माझ्याहून बरा मांडलात."

"आता उत्तरपक्ष," ते म्हणाले. "वैराग्य म्हणजे..." आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. "वैराग्यात स्वतःचा तिटकारा नसतो. या मनुष्यात आहे." ते माझ्याकडे वळले. "उत्तरपक्ष सुचत नाही. मुदत मागतो."

हरलो, असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणवून घेतलं नाही. मुदत मागितली की द्यायची, हे मला गद्रेसरांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"किती मुदत?"

"ज्याची बुद्धी थकली आहे त्याचा उत्तरपक्ष ग्राह्य नाही. ती ताजी व्हायला तुमचं शास्त्र किती वेळ धरतं?"

"गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. पुढेही बरेच महिने ती चालू ठेवावी लागते."

"मग तेवढी मुदत," नाना म्हणाले. "गोळी कुठली ती सांगा."

त्या दिवसापासून माधव रोज त्यांच्याबरोबर स्नानाला जाऊ लागला. गोळ्यांचा डबा वृंदाकडे. दर आठवड्याला मी सतरंजीवर. मुदत सरळ रेषेत गेली नाही. मधे एकदा त्यांनी तोंड फिरवून पडून राहायला सुरुवात केली आणि मला डोस वाढवावा लागला. मग एका सकाळी वृंदाचा मेसेज आला. "नाना म्हणतात पोह्यांत मीठ कम आहे आणि लिंबू कुठाय." मी तो ओपीडीत बसून पुन्हा पुन्हा वाचला. माणूस जेवणाला नावं ठेवू लागला की मी त्याला निम्मा बरा समजते.

पुढच्या 'संवाद' सत्रात नानांना बोलावलं. आमंत्रण गद्रेसरांचं, हौस नानांची. त्यांनी कोणाचं नाव न घेता आधी आमचा पूर्वपक्ष मांडला. मोठे सर शेजारी कुजबुजले, "यह तो हमसे अच्छा बोल रहे हैं." मग नानांनी उत्तरपक्ष सुरू केला. तुम्ही मनाचा आजार सांगता, पण ज्याला तो होतो तो कोण, हे तुमच्या ग्रंथात कुठेच नाही. तो ठरवल्याशिवाय बरा कोण झाला, हे तरी कसं सांगाल? मी उठले, चाचरले आणि बसले. नाना मनापासून हसले, आणि मला माझ्या हरण्याचा एवढा आनंद कधीच झाला नव्हता.

समोशाच्या टेबलाशी मी त्यांना गाठलं. "जिंकलात, नाना. मग आता गोळ्या बंद करणार?"

"का म्हणून? माझा पक्ष सिद्ध झाला याने तुमची गोळी असिद्ध होत नाही. असलं अनुमान पहिल्या वर्षाचा मुलगासुद्धा करणार नाही." त्यांनी दुसरा समोसा उचलला. "आणि बाई, वैराग्याचा पूर्वपक्ष तुम्ही अजून मांडलेला नाही. मी वाट बघतो आहे."

हे लिहायची परवानगीही त्यांनी त्याच अटीवर दिली आहे. मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "हे माझं नव्हे."

धडा म्हणाल तर एवढाच. पेशंटला पटवत बसू नये. आपली बाजू त्याच्याच तोंडून मांडून घ्यावी. मात्र तो बरा झाला की चारचौघांत त्याच्याकडून हरायची तयारी ठेवावी, कारण बरा झालेला नैयायिक कोणालाही सोडत नाही.