पाच वेळा तारलेले पॉलिशवाले

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा लाकडाला पॉलिश करतो. आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे त्यांना पॉलिशवाले म्हणतात. मी मनातल्या मनात ‘पाच वेळा तारलेले’ म्हणायचे, कारण या गृहस्थांनी पाच वेळा दारू सोडली आणि पहिल्या चारही वेळा चर्चमध्ये उभं राहून तशी साक्ष दिली. आपण एकदा तरलो की तरलो. यांचं तसं नव्हतं. वर्ष-दीड वर्ष झालं की ये रे माझ्या मागल्या, आणि मग पुन्हा साक्ष.

आणि साक्ष तरी काय रंगायची! पहिल्या खेपेला ते साध्या गटारात पडले होते आणि प्रभूनं त्यांना वर काढलं. दुसऱ्या खेपेला गटार कमरेइतकं खोल झालं. तिसऱ्या खेपेला त्यात कुत्रा आला. चौथ्या खेपेला समोरून भरधाव ट्रक येत होता. चर्चचे खजिनदार पहिल्या बाकावर बसून रुमालानं डोळे पुसत, आणि बायका मला म्हणत, “काय अनुभव हो तुमच्या भाऊजींचा!” अहो, अनुभव आमचा! त्या गटारातून त्यांना वर ओढलं ते धाकटीनं आणि मी. प्रभूचे हात म्हणून आम्ही असू, ना नाही, पण धुणं कोणी धुतलं?

मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात होते, शेवटची नऊ मेट्रन म्हणून. माणूस दारातून आत आला की त्यानं काय घेतलंय, किती घेतलंय आणि तो बायकोला काय सांगणार आहे, हे मला कळायचं. फक्त या एका माणसापुढे माझं नाक हरलं. पॉलिश म्हणजे काय, तर लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा त्यात बुडवायचा आणि लाकडावर फिरवत राहायचं, हात फिरून फिरून खांदा उतरेपर्यंत. त्यामुळे या माणसाच्या हाताला, शर्टाला, केसांना चोवीस तास स्पिरिटचा वास. प्यायले तरी तोच, न प्यायले तरी तोच. दारुड्यानं धंदा निवडावा तर असा! धाकटी बिचारी लग्न झाल्यापासून नवऱ्याचा वास घेतेय आणि तिला अजून काही कळलेलं नाही.

पाचव्या वेळेनंतर मात्र धाकटीनं वेगळंच केलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं बाजारातून एक जाडजूड कडी आणली आणि नवऱ्याच्या हातात दिली. “ही दाराला आतून लावा,” म्हणाली. “सहाव्या वेळी मी ती सरकवणार आणि रात्रभर उघडणार नाही. सकाळ झाली की मी ताईकडे निघून जाईन, घर बंद.” या माणसानं मुकाट्यानं कडी बसवली. वर तिच्या खालच्या लाकडी पट्टीला पॉलिशही मारलं. मी म्हटलं, वा, फाशीच्या दोराला तेल लावणारा पहिलाच कैदी!

त्या वेळी खजिनदारांनी नेहमीप्रमाणे आग्रह केला, “साक्ष द्या, मंडळी वाट बघतेय.” तर स्वारी म्हणते, “या वेळी नको. सांगितलं की मोकळं वाटतं, आणि मोकळं वाटलं की घसा कोरडा पडतो.” मंडळीचा केवढा विरस झाला! मी घरी येऊन धाकटीला म्हणाले, “साक्षसुद्धा देत नाहीत म्हणजे या वेळी सोडायचा विचारच नाही.” जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे मी तिला रोज सकाळ-संध्याकाळ औषधासारखं पाजत होते.

ते रोज सकाळी कामावर जाण्याआधी पाळकसाहेबांच्या घरी जायला लागले. आमचे पाळकसाहेब अत्यंत चांगले आणि अत्यंत कंटाळवाणे. दोघं स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर दहा मिनिटं बसत. मी पाळकबाईंना विचारलं, “काय प्रार्थना करतात एवढी?” त्या म्हणाल्या, “एकच. प्रभू, आज संध्याकाळपर्यंत सांभाळ. उद्या पुन्हा येतो.” मला हसू आलं. जन्मभराचं तारण सोडून हा माणूस देवाकडे दुधासारखा रोजचा रतीब लावून बसला होता.

असे सात महिने गेले. मला ते सात महिने फार जड गेले, हे आता कबूल करते. माझं दोन खोल्यांचं घर आहे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी मनात धरून चालले होते की धाकटी येणार. दुसऱ्या खाटेवर मी धुतलेली चादर घालून ठेवली होती. दर आठवड्याला ती बदलायची, कोणी झोपलेलं नसताना. आणि हा माणूस काही पडेना!

तेवढ्यात चर्चच्या बाकांचं काम निघालं. चर्चमध्ये बावीस बाक, त्यांचं जुनं वॉर्निश उन्हाळ्यात असं चिकट व्हायचं की माणसं बाकाला चिकटून बसायची. प्रवचन संपलं तरी कोणी उठत नसे आणि पाळकसाहेबांना वाटे, देवाचा शब्द लागला! शेवटी कमिटीनं ठरवलं, बाक घासून नवीन पॉलिश करायचं, काम आपल्याच माणसाला द्यायचं. सगळे आमेन म्हणाले. मग खजिनदारांच्या डोक्यात किडा वळवळला: पॉलिशला पाच लिटरचा स्पिरिटचा डबा लागणार, आणि देवाच्या घरात, एकटा, हा माणूस! तेव्हा डब्यावर कोणीतरी पहारा ठेवावा. कोणी? अर्थात मेट्रनबाईंनी.

“ताई,” भाऊजी पहिल्याच दिवशी म्हणाले, “हे पॉलिशचं स्पिरिट आहे. यात विष घातलेलं असतं. प्यायलं तर माणूस आंधळा होतो.”

“मला शिकवू नका. असे आंधळे मी वॉर्डात सांभाळलेत,” मी म्हणाले, आणि डबा दोन पायांच्या मध्ये घेऊन शेवटच्या बाकावर ठाण मांडून बसले. मांडीवर पवित्र शास्त्र, पायांत स्पिरिट. खजिनदार येऊन बघून गेले, त्यांना मोठं समाधान वाटलं.

पाच दिवस मी त्यांना काम करताना पाहिलं. एकेक बाक काचपेपरनं घासायचा, पुसायचा, मग बोळा. बोळा फिरवताना हात थांबवायचा नाही, थांबवला की डाग पडतो. तो माणूस तासन् तास त्या वासात वाकलेला असे. मधूनच उठून बाहेर नळावर जायचा, तोंडावर पाणी मारायचा, ओठ हलवायचा आणि परत यायचा. दिवसातून सात-आठ वेळा. मला दया यायला हवी होती. मला वाटलं, नाटकं!

सहाव्या दिवशी सकाळी मी दारूच्या दुकानात गेले. होय, मी. डोक्यावरून पदर, हातात छत्री, काखेत शास्त्राची पिशवी. दुकानदार म्हणाला, “मावशी, मालिश करायला ना?” मी म्हटलं, “हो, गुडघ्याला.” एक चपटी घेतली, पदराआड केली, आणि चर्चमध्ये भाऊजी नळावर गेले तेव्हा त्यांच्या चिंध्यांच्या पिशवीत तळाशी सारून दिली. मोहात पाडू नको म्हणून आपण दर रविवारी देवाला विनवतो. त्याला कशाला विनवायचं? घरात थोरली मेहुणी असली की ते काम ती करते.

मी स्वतःशी म्हणत होते, मी काय वाईट करतेय? खरं काय ते एकदा धाकटीला कळू दे. घोडामैदान जवळच आहे.

दुपारी त्यांनी नवीन मलमल काढायला पिशवीत हात घातला आणि हात तिथंच थांबला. त्यांनी चपटी बाहेर काढली. मी शास्त्राच्या पानावर डोळे ठेवून वरून बघत होते. माझं काळीज आनंदानं उड्या मारत होतं, खोटं कशाला बोलू? आता बूच फिरवतील. आता.

त्यांनी बूच फिरवलं नाही. ती बाटली बाकावर ठेवून ते मागे सरकले, पाठ भिंतीला लागेपर्यंत. असा चेहरा मी दवाखान्यात पाहिलेला आहे, रिपोर्ट हातात आल्यावरचा. मग ते उठले, बाटली दोन बोटांनी उचलून माझ्याकडे आले.

“ताई, ही तुमच्याजवळ ठेवा. माझ्या पिशवीत निघाली.”

“तुमच्या पिशवीत?”

“मीच आणली असणार. दुसरं कोण आणेल? मागे असंच व्हायचं. आणायचो आणि आठवायचं नाही.” त्यांनी स्वतःच्या हाताचा वास घेतला, मग शर्टाचा. “वासावरून मला स्वतःलाही कळत नाही हो. ताई, तुम्ही मेट्रन होता. खरं सांगा, मी प्यायलोय का?”

सकाळपासून तो माणूस माझ्या नजरेसमोर होता. पाण्याखेरीज त्याच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता. आणि मी, मेट्रन, चर्चमध्ये बसून, मांडीवर शास्त्र घेऊन म्हणाले, “मला काय माहीत?”

त्यांनी मान हलवली. “आज घरी जाऊन सांगतो तिला. पाच वेळा तिनंच पकडलं. या वेळी मी आपणहून सांगणार. मग तिनं दार लावलं तर लावलं.” आणि काय केलं असेल? अर्धा राहिलेला बाक पुरा केला. मध्येच सोडला तर डाग राहतो म्हणाले. बोळा फिरवत होते आणि डोळ्यांतलं पाणी बाकावर पडू नये म्हणून तोंड बाजूला करत होते.

आम्ही घरी निघालो. ते पुढे, मी मागे, चपटी माझ्या पिशवीत शास्त्राला लागून किणकिण वाजत होती. रस्ताभर मी मनाला समजावत होते: बोलू नकोस, तुला काहीच करायचं नाही, फक्त गप्प राहायचंय. चादर घातलेली आहे. संध्याकाळी दोघींचा चहा एकत्र होईल. आयुष्यभर माझं तोंड बंद राहिलं नाही, आणि त्या दिवशी ते बंद ठेवणं किती सोपं होतं!

धाकटी रविवारच्या शर्टाला इस्त्री करत होती. भाऊजी उंबऱ्याबाहेरच थांबले, मी त्यांच्यामागे. त्यांनी सांगितलं. एकही शब्द रंगवला नाही. पिशवी, बाटली, आठवत नाही, बस्स. ना गटार, ना कुत्रा.

धाकटीनं इस्त्री बंद केली. “प्यायलात?”

“नाही वाटत. पण खात्री देता येत नाही.”

ती दाराशी आली. तिचा हात कडीवर गेला. सात महिने ती बाई पहिल्यांदाच नीट झोपत होती, तब्येत जरा भरली होती, ते सगळं त्या एका क्षणात तिच्या तोंडावरून उतरलं. हे मी केलं होतं. दारूनं नाही, मी. तिनं माझ्याकडे पाहिलं. “ताई, तू तिथंच होतीस ना?”

देवा रे! तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, श्वास आत घ्या, दुखणार नाही. दुखतं.

“मी ठेवली,” मी म्हणाले. “सकाळी विकत आणली आणि यांच्या पिशवीत मीच ठेवली. ते प्यायले नाहीत. त्यांनी बूचसुद्धा उघडलं नाही. मला दुपारीच ठाऊक होतं.”

भाऊजी मटकन उंबऱ्यावर बसले. मला वाटलं, आता शिव्या घालतील, आणि घालाव्यात अशी माझी इच्छा होती. पण ते रडत होते आणि हसत होते. “म्हणजे मी नाही आणली! अगं, ऐकलंस का? मी नाही आणली! प्रभू, मी नव्हतो!” एवढंच पुन्हा पुन्हा. माझ्यावर रागवायचं त्यांना सुचलंच नाही.

धाकटीला सुचलं. ती पांढरीफटक पडली होती. “सात महिने हा माणूस एकेक दिवस मोजून काढतोय,” ती म्हणाली, “आणि तू? तू माझी सख्खी बहीण? जा ताई. या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस.” तिनं कडी धरली ती माझ्यासाठी. तिचं काही चुकलं नव्हतं. मी छत्री सावरून वळले.

“अगं, थांब,” भाऊजी म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, स्पिरिट लागलेल्या हातानं, त्यामुळे डोळे आणखीनच चुरचुरले. “मला पाच वेळा घेतलंस ना आत? ताईंची तर पहिलीच वेळ आहे.”

मग ते भिंतीला धरून उठले, उंबऱ्यावरून बाजूला झाले आणि म्हणाले, “या ताई, तुम्ही आधी.”