खात्रीमामांनी पाहिलेला रोल

कस्टमच्या शेडला लागून असलेल्या त्या पॅकिंगच्या दुकानात मामांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे खात्रीमामाच म्हणत. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक खोक्याबरोबर एक फॉर्म जातो आणि त्याच्या तळाशी छापलेलं असतं, 'आतील वस्तू मी स्वतः पाहिल्या आहेत.' बाकीचे पॅकर त्याखाली डोळे मिटून सही ठोकतात. मामा नाही. एका गृहस्थांनी सासूबाईंना पाठवायला आणलेली कवळीसुद्धा त्यांनी डबीतून काढून पाहिली होती.

"दातही मोजले असतील!" गृहस्थ वैतागले.

"वरचे चौदा," मामा म्हणाले आणि मग सही केली.

बावीस वर्षांत त्यांचं एकही पार्सल परत आलं नव्हतं. हे ते रोज कुणाला तरी ऐकवायचेच, ऐकणारा मिळाला नाही तर सुतळीच्या बंडलाला.

एके दिवशी सकाळी शिवणवाल्या काकू पत्र्याची डबी घेऊन आल्या. डबीत फोटोंचे तीन जुने रोल होते, कागदात घट्ट गुंडाळलेले, वरून चिकटपट्टी लावलेले आणि न धुतलेले. त्यांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता.

"ताईचे फोटो आहेत यात. मी तीन वर्षांची होते, तेव्हा ती गेली. त्यानंतर वडिलांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. घरात तिचा एकही फोटो नाही, मामा. ती दिसायची कशी, तेसुद्धा मला आठवत नाही. परदेशातली एक लॅब अजून असले रोल धुते म्हणतात."

मामांना असं गिऱ्हाईक म्हणजे पर्वणी. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काकू, फिल्मचा मोठा वैरी म्हणजे कस्टमचं एक्स-रे यंत्र. काही शहाणे शिशाच्या पिशवीत गुंडाळतात. मग पडद्यावर दिसतो काळा गोळा आणि साहेब यंत्राचा जोर आणखी वाढवतात! आपण रोल पारदर्शक पिशवीत ठेवायचे, साहेबांना आधी कळवायचं आणि हातानं तपासून घ्यायचे."

मग त्यांनी खोक्यावर लाल शाईनं, सुबक अक्षरात लिहिलं : 'न धुतलेली फिल्म. एक्स-रे नको. उजेडात उघडू नये.'

"एवढी काळजी तर माझ्या लग्नात वरपक्षानंही घेतली नव्हती," काकू हसून म्हणाल्या आणि निश्चिंत मनानं गेल्या.

मामा फॉर्म भरायला बसले. मजकूर झाला, वजन झालं, आणि पेन सहीपाशी अडलं. स्वतः पाहिल्या आहेत? कागदाची गुंडाळी पाहिली होती. आतलं कुठे पाहिलं होतं?

हाताला सवयच तशी. एका रोलची पट्टी नखानं सोडवली, कागद उलगडला, आत दुधट, जांभळट फिल्म लागली. हातभर ओढली. काही दिसेना, म्हणून खिडकीशी नेऊन भर उन्हात धरली. तरी कोरीच. हे असं कसं, म्हणून ते वळले, तर समोर टेबलावर ते खोकं आणि त्यावर त्यांचंच अक्षर.

उजेडात उघडू नये.

दुकानात कुणी नव्हतं, तरी मामांनी आधी आजूबाजूला पाहिलं, आणि या पाहण्याचीच त्यांना पुढे जास्त लाज वाटत राहिली. रोल पुन्हा गुंडाळला. पट्टी थुंकीनं चिकटवली. सही केली.

कस्टमच्या साहेबांनी पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली. "यंत्रात नाही घालत आणि उघडतही नाही. मामा, तुमच्या शब्दावर सोडतोय." मामांनी मान डोलावली. वर पाहिलं मात्र नाही.

दीड महिन्यानं काकू आल्या त्या तणतणतच. लॅबचं पाकीट त्यांनी टेबलावर आपटलं. दोन रोलांत स्टुडिओची गिऱ्हाइकं होती. तिसऱ्यात ताई होती. आतल्या वेढ्यांवरच्या फोटोंत ती पाठमोरी, दोरीवर कपडे वाळत घालणारी. बाहेरच्या वेढ्यांवर ती वळली असावी, कारण एका फोटोत खांदा होता, वेणी होती आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा लोळ.

"लॅबवाले लिहितात, उजेड लागलाय. त्या मेल्या कस्टमवाल्यानंच उघडलं! मामा, तक्रार लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे. त्याची नोकरीच घालवते."

मामांनी कागद घेतला. 'माननीय महोदय' लिहिलं. पुढची ओळ तर काकूंनीच आयती दिली होती. नुसती उतरवायची. साहेबांनी इन्कार केला असता, पण खात्रीमामांपुढे त्यांचं कोण ऐकणार होतं?

पण मामांनी सुबक अक्षरात एकच ओळ लिहिली आणि कागद काकूंकडे सरकवला.

काकूंनी सुईत दोरा ओवायचा चष्मा लावला. 'सदर रोल मी स्वतः उघडून पाहिला.' त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"का हो?"

"सही करायची होती," मामा म्हणाले. उत्तर खरं होतं, पण बोलताना इतकं हलकट वाटलं की त्यांना ते परत गिळावंसं वाटलं.

काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो एकेक करून पाकिटात घातले. मग विचारलं, "उघडलंत, तेव्हा काही दिसलं तुम्हाला?"

"नाही. कोरं होतं."

"म्हणजे तुम्हीसुद्धा नाही पाहिलीत तिला," काकू म्हणाल्या आणि निघून गेल्या. तो कागद टेबलावरच राहिला.

मामांनी तो घेतला आणि शेडमध्ये जाऊन साहेबांच्या पुढ्यात ठेवला. साहेबांनी वाचला, खाकरले, आणि विषय बदलावा म्हणून मामांनी बरोबर आणलेल्या नव्या पार्सलावर न पाहताच मारायला शिक्का उचलला. "असू द्या हो मामा. चुकतं माणूस. हे जाऊ दे तसंच, तुमच्या शब्दावर."

"नको साहेब," मामा खोक्याची सुतळी सोडत म्हणाले. "उघडून बघा."