मागात काडी

कुठल्या मागाचा धागा आता तुटणार, हे माझी बायको शेडच्या दारात उभी राहून नुसत्या आवाजावरून सांगायची. सांगलीजवळ माधवनगरला यंत्रमागाच्या एका शेडमध्ये मी माग चालवायचो, ती मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. सगळे तिला कांडीवालीच म्हणायचे. मीही. शाळा तिची चौथीपर्यंत, माझी त्याहून कमी. या बाईनं म्हातारपणी क्रिप्टोचा बॉट चालवला असं सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडं बघतात. बघू देत.

आमची लेक नंदा पुण्यात कॉम्प्युटरवर कामाला आहे. तिनं आईला सांगितलं, क्रिप्टो म्हणजे नुसतं कॉम्प्युटरवर असणारं नाणं, त्यातल्या एखाद्या कॉईनचा भाव चार दिवसांत उगाच फुगतो, मग घसरतो. ते घसरणार म्हणून आधीच पैसे लावता येतात आणि लक्ष ठेवून घ्यायचं-विकायचं काम बॉट, म्हणजे कॉम्प्युटरमधला एक प्रोग्रॅम, आपला आपण करतो. मला ओ का ठो कळलं नाही. मग कांडीवालीनं समजावलं, "आवं, शेंगा महाग असताना शेजारणीकडनं पायलीभर उसन्या घ्यायच्या आन लगेच इकायच्या. सुगीत स्वस्त झाल्या की पायलीभर घिऊन तिच्या तिला परत. मधला पैसा आपला."

"आन सुगीत स्वस्त झाल्याच न्हाईत तर?"

"तर मेलो," ती म्हणाली. "पडणाऱ्या भावाला खाली भुई असती. चढणाऱ्याला वर छप्पर नसतं."

म्हणून तिनं नंदाला पहिला नियम घालायला लावला तो शेडमधला. मागावर उभ्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची पातळ पट्टी लटकत असते. धागा तुटला की पट्टी पडते आणि माग आपोआप थांबतो. भाव आपल्या उलटा ठरल्यापेक्षा जास्त चढला की बॉटनंही तसंच थोडा तोटा सोसून थांबायचं. "तुटल्या धाग्यावर इणलेलं कापड कोण घेत न्हाई," ती म्हणायची. बॉट हा शब्द तिच्या तोंडात कधी बसला नाही. ती त्याला मागच म्हणायची.

पैसे तिचे, कांड्या भरून साठवलेले. अर्धे तिनं डब्यात ठेवले, अर्धे या मागाला दिले. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. तेवढं ऑपरेशन चांगल्या ठिकाणी करायचं, एवढीच तिची हाव.

आता माझी करणी सांगतो. शेडमध्ये मजुरी मीटरवर होती. माग थांबला की पोटाला चिमटा. म्हणून मी त्या पट्टीत काडेपेटीतली काडी खोचायचो. धागा तुटला तरी माग चालू. एकदा सबंध ताग्याला रेघ पडली आणि आठवड्याची मजुरी गेली. तरी माझी खोड गेली नाही. म्हातारपणी हा बॉट चालू झाल्यावर एका आठवड्यात तो तीनदा तोटा घेऊन थांबला, आणि तिन्ही वेळा थांबल्यावर कॉईन घसरलं. माझं डोकं फिरलं. कांडीवाली गिरणीत दळायला गेली होती. नंदानं लॅपटॉपवर दाखवलेलं, बॉटनं आपोआप थांबायचं बटण मी बंद करून टाकलं.

ते कॉईन त्या दुपारी उतरलंच नाही. चढतच गेलं. स्क्रीनवरचे लाल आकडे तेवढे मला दिसत होते, आणि मी आता उतरेल, मग उतरेल करत बसलो.

ती पिठाचा डबा कडेवर घेऊन आली. स्क्रीन बघितली. डबा खाली न ठेवताच एका बोटानं सगळं बंद केलं. मागाला दिलेलं जवळजवळ सगळं गेलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाली, "तवा मागात काडी घालत हुता. आता हितंबी घातली व्हय?"

 एवढ्यावर ती थांबली. नंदा फोनवर माझ्यावर तडकली तर तिलाच म्हणाली, "त्यास्नी काय बोलू नगंस. धागा तुटलाय, गाठ मार. मग चालू कर." नंदानं ते बटण माझ्या हाताला लागणार नाही असं केलं. वर कांडीवालीनं तिला आणखी एक नियम घालायला लावला: बॉट ओळीनं तीनदा थांबला तर माणसानं बघून चालू केल्याशिवाय चालायचा नाही. उरलेल्या चिमूटभर पैशावर माग पुन्हा सुरू झाला.

डब्यातल्या पैशात माझा एक डोळा झाला. डोळ्यावरची पट्टी काढल्यावर आधी तिची बोटं दिसली. सुतानं कापून कापून पडलेले चरे. पन्नास वर्षं त्या हातचं खाल्लं, आणि चरे त्या दिवशी बघितले.

पुढच्या थंडीत ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, सांगलीला नेली, दोन दिवस होती. शेवटी मला म्हणाली, "दुसरा डोळा तसाच ठिऊ नगा." मी ठेवला. कशाला करायचा? बघायचं कुणाला? लॅपटॉप मिटला तो मिटलाच. चुलीवर भाकरीसुद्धा नीट टाकत नव्हतो.

परवा नंदाचा फोन आला. "बाबा, आईचा माग बघितला का कवा?"

उघडला. लॅपटॉप मिटला तरी माग तिकडं इंटरनेटवर चालतच राहतो, पण हा आठ महिने नुसता थांबून होता. ती गेल्यावर ओळीनं तीनदा धागा तुटला होता, आणि तिनं शिकवल्याप्रमाणं थोडंसं सोसून तो गप उभा राहिला होता. बाकी तिचे उरलेले पैसे सगळे शाबूत होते. कुणीतरी येऊन बघेल म्हणून वाट बघत होता.

माझ्यासारखाच की, म्हटलं.

नंदाला विचारून एकेक आकडा बघितला आणि माग चालू केला. मग डोळ्याच्या दवाखान्यात जाऊन तारीख घेतली. पैसे कमी पडतील ते नंदा घालणार आहे. घरी आल्यावर खिशातली काडेपेटी काढून देव्हाऱ्यात ठेवली. काड्या आता दिव्यालाच.