फळीभोवतीचं पाणी

मुलीने हौसेने मला तिच्या आवडत्या बारमध्ये नेलं. तिथेच बनवलेल्या सहा तऱ्हेच्या बिअर, सहा चिमुकल्या ग्लासांत, एका लाकडी फळीवर मांडून आल्या. पिवळीपासून थेट काळीपर्यंत. फळी समोर आली आणि मी नकळत हातावर पाणी घेऊन तिच्याभोवती फिरवलं, जेवणाआधी ताटाभोवती फिरवतो तसं.

"बाबा, हे काय करतोस!" मुलगी हसली.

ही सवय अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी लावलेली. तेच अण्णा बार दिसला की रस्ता ओलांडून पलीकडून चालायचे.

मी गडबडून पहिला घोट घेतला.

"संत्र्याची साल लागली?"

मला नुसतं कडू लागलं. दुसरीही कडूच, पण निराळी कडू. तिसरीतला मध तिला सापडला, मला नाही. चौथ्या ग्लासापाशी मी थांबलो.

"नको असेल तर राहू दे," ती म्हणाली.

पण पाणी फिरवल्यावर पानात काही टाकायचं नाही, हा अण्णांचाच दंडक. मी सगळे ग्लास संपवले. शेवटची काळी बिअर घशाखाली उतरताना मी अण्णांचा शब्द पाळत होतो की मोडत होतो, हे मला अजून कळलेलं नाही.