मामीचं सुतक किती दिवसांचं?

माझं पोट डॉक्टरांनी कापून लहान केलं, त्याला आता वर्ष होत आलं. मी कापलेल्या भागाशिवाय मजेत आहे. शोक चालू आहे तो आमच्या नातेवाइकांत.

मी पेडण्याची. तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. ऑपरेशनच्या आधी मी कशी होते ते सांगायला एक बारसं पुरे. त्या बारशाला मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले. (बाळ तेवढं रडलं. बाकी सगळे हसले.) मला उठवायला कोणी पुढे येण्याआधी माझ्या मोठ्या नणंदेने, म्हणजे डिचोलीच्या सुलभाताईंनी, फोन बाहेर काढला होता. संध्याकाळपर्यंत मी दोडामार्गापासून मुरगावपर्यंतच्या झाडून सगळ्या पाहुण्यांच्या फोनवर पडत होते. एकदा पडून भागलं नाही म्हणून लोक मला पुन्हा पुन्हा पाडत होते.

गुडघे दुखत होते, रक्तात साखर होती, चार पावलं चाललं की दम लागत होता. त्यासाठी मी दवाखान्यात जात होतेच. पण ऑपरेशनला हो म्हटलं ते त्या खुर्चीमुळे.

नवऱ्याला सांगितलं. वासुदेव त्यांचं नाव. माणूस वाईट नाही, फक्त लोकांना भितो.

"लोकांका काय सांगायचा?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगायचं."

"खरा? बायलेक जेवाण आवरूक जमना म्हणान पोट कापून घेतला, असा सांगू?"

आणि माझी भूल उतरायच्या आत त्यांनी गावभर सांगून टाकलं की माझे पित्ताचे खडे काढले.

सुरुवातीचे दिवस पेजेच्या निवळीवर गेले. चमचा चमचा. एवढीशी वाटी संपवायला इतका वेळ लागे की भिंतीवरची पाल कंटाळून निघून जायची. पण नंतर जे होत गेलं, ते मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. चतुर्थीला आरतीनंतर मी मांडी घालून बसले आणि भिंतीला हात न लावता उठले. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. कारखान्यात नव्या सुपरवायझरने जुन्या आयकार्डावरचा फोटो बघून विचारलं, "ही तुमची थोरली बहीण काय?" एका रविवारी केरीहून फेरीबोटीने आम्ही तेरेखोलला गेलो. किल्ल्याचा चढ मी न थांबता चढले. मागून ह्यांचा धापा टाकणारा आवाज आला, "सावकाश गो, घाय कित्याक?" इतकी वर्षं ते वाक्य माझं होतं. वर तटापाशी उभी राहून मी नदी समुद्राला मिळते ते बघत राहिले आणि थोडी रडले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, असं ह्यांना सांगितलं.

आता एवढं झाल्यावर घरच्यांना आनंद व्हावा की नाही? छे. मी जाडी होते तोवर 'भात कमी कर' म्हणून उपदेश करणाऱ्या बायका आता डब्यातून गोड पातोळ्या घेऊन येऊ लागल्या. सासूबाई माझ्या पेजेत गुपचूप तूप सोडू लागल्या. "सून वाळली की लोक सासूकडे बघतत," हे त्यांचं कारण. खडे काढल्याने कोणी इतकं झडत नाही, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. मग नक्की मोठंच दुखणं असणार, असं ठरलं. माझ्याशी बोलताना लोक आवाज खाली घेऊ लागले. सुलभाताई तर एकदा माझे हात हातात घेऊन बसल्या. मला वाटलं, माया आली.

"पाटल्ये सैल झाले गो तुझे," त्या म्हणाल्या. "खय तरी पडतले. माझ्याकडे ठेव. मागीर बघूया."

'मागीर' म्हणजे नंतर. कोणाच्या नंतर, ते मला घरी आल्यावर कळलं.

मी ह्यांना म्हटलं, "आता तरी खरं सांगा." ते म्हणाले, "भाचीचा लगीन होऊंदे."

भाचीचं, म्हणजे सुलभाताईंच्या मुलीचं लग्न डिचोलीला होतं. आम्ही सकाळीच हॉलवर पोचलो. मुहूर्ताला अवकाश होता आणि फराळाला शिरा होता. साखर आणि तूप माझ्या नव्या पोटाला सोसत नाही. ते पोटात थांबतच नाही, सरळ आतड्यात उतरतं, मग छाती धडधडते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. धोका काही नसतो, थोडं आडवं पडलं की उतरतं. डॉक्टरांनी मला आणि ह्यांना समोर बसवून हे समजावलं होतं.

सुलभाताई शिऱ्याची बशी घेऊन समोर उभ्या राहिल्या. "आज नाय म्हणू नको. माझ्या चेडवाचा लगीन आसा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कुजबुजले, "खा गो थोडो. लोक बघतत."

खाल्ला. लोक बघत होते ते खरंच. पाचच मिनिटांत त्यांना बघण्यासारखं मिळालं. मला दरदरून घाम फुटला आणि मी तिथल्याच बाकावर आडवी झाले. म्हटलं, "काही नाही, साखर बाधली. जरा पडते."

ह्यांचे बाबलमामा गर्दीतून पुढे आले. गावात कोणीही आजारी पडलं की मामा आधी पोचतात, डॉक्टर नंतर. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली. "बडबडूक लागली. शेवटाक असाच असता. तुळस हाडा."

एरवी आमच्या घरात मी पाणी मागितलं तर कोणी जागचं उठत नाही. त्या दिवशी तीन बाजूंनी पाणी तोंडात आलं. तुळशीचं पान टाळ्याला चिकटलं आणि माझं बोलणंच बंद झालं. ते बघून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "मी जेवूक घालीत होतंय गो, सगळ्यांनी बघितला आसा."

डोक्याशी भटजी आणि मामा यांची चर्चा सुरू झाली. मी गेलेच, तर लग्नाचं काय?

"मामी म्हटल्यार भाचीक सुतक लागता," भटजी म्हणाले.

"किती दिवस?" मामांनी विचारलं.

"दीड दिवस तरी पाळूक व्हया."

"म्हणजे मुहूर्त गेलो."

"बाई जाण्याआधी अक्षता पडल्यो तर मात्र काय अडचण नाय."

मग सुलभाताई माझ्यापाशी गुडघ्यांवर बसल्या. डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. माझा हात दाबून म्हणाल्या, "सुनंदा, बाय माझी, अक्षता पडीसर कळ काढ गो."

मी ह्यांना शोधलं. त्या अख्ख्या हॉलमध्ये मी मरत नाहीये हे माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो पंख्याकडे बघत उभा होता. आमची नजरानजर झाली तेव्हा खाली वाकून म्हणाला, "गप पडान रव. आता सांगलंय तर माझी लाज जातली."

शिऱ्याने आली नव्हती एवढी अंधारी मला त्या वाक्याने आली.

तिकडे मुहूर्ताची वाट न बघता मंगलाष्टकं अशा वेगाने सुरू झाली की नवऱ्यामुलाचे जोडे काढायचे राहून गेले. भटजी एक डोळा अंतरपाटावर आणि एक माझ्यावर ठेवून म्हणत होते. तेवढ्यात माझी धडधड थांबली, घाम वाळला आणि मला एकदम बरं वाटू लागलं. मी उठले, तोंडातलं पान काढलं, नीट पदर घेतला आणि मूठभर अक्षता घेऊन स्टेजवर चढले. जिन्याचा कठडासुद्धा धरला नाही. वराच्या आत्याने मला पाहिलं आणि तिच्या हातातलं ओवाळणीचं ताट खाली पडलं. कोणीतरी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की मी गेले.

अक्षता पडल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं, "मला रोग नाही. खडेसुद्धा नव्हते. बारीक व्हायला मी पोट कापून घेतलं. माझी साखर गेली, गुडघे बरे झाले. मी चांगली आहे."

कोणीतरी हुश्श करेल, असं मला वाटलं होतं. मामा म्हणाले, "म्हणजे ह्या ऑपरेशन हौसेचा?" माझ्यासाठी डोळे पुसणाऱ्या बायकांनी ते इतक्या घाईने कोरडे केले, जणू मी त्यांच्याकडून रडणं उसनं घेऊन फसवलं होतं. मरणारी म्हणून मी त्यांना आवडले होते. जगणारी म्हणून मी पुन्हा जुनीच, फक्त बारीक.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या जागी सुलभाताई हळूच जवळ आल्या. आजूबाजूला कोणी नाही ते बघून म्हणाल्या, "फार दुखता काय गो त्या ऑपरेशन?" त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघी आल्या, वेगवेगळ्या. मी तिघींनाही डॉक्टरांचा पत्ता दिला. रागावून नाही म्हणणार होते, पण त्यांचे गुडघे मला दिसत होते.

ह्यांना मात्र मी माफ केलं नाही. परत येताना स्कूटरवर मागे बसले आणि ठरवलं, घर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. थिवीजवळ हे पेट्रोल भरायला थांबले. मी उतरून बाजूला साडीच्या निऱ्या नीट करत उभी राहिले. ह्यांनी पेट्रोल भरलं, सीट बंद केली, किक मारली आणि निघून गेले. माझा फोन पर्समध्ये आणि पर्स डिकीत. मी पैठणी नेसून पंपावर उभी.

बऱ्याच वेळाने परत आले ते घामाघूम. कोलवाळचा पूल ओलांडल्यावर त्यांना कळलं होतं की मागे कोणी नाही.

"तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" मी मौन मोडून विचारलं.

"स्कूटर तशीच चलत होती," ते म्हणाले. "आणि मी बोलत होतंय. माफी मागत होतंय तुझी. चुकला माझा, सगळ्यांसमोर सांगूक व्हया होता, सगळा बोललंय. तू गप म्हणान माका वाटला, रागान गप आसा."

लग्नानंतर ह्या माणसाने पहिल्यांदा माझी माफी मागितली होती, आणि ती रिकाम्या सीटने ऐकली.

"बरं, आता पुन्हा बोला," मी म्हटलं.

"एकदा बोललंय मगो," ते म्हणाले. "बस आता."

मी बसले. डॉक्टरांना मी फक्त 'वजन उतरवून द्या' म्हटलं होतं. कुठलं, ते नीट सांगायला हवं होतं.